दाणा धरताना : ऊस-साखरेच्या स्फटिकीकरणाचे नियंत्रण

उसाच्या रसातली साखर दाण्याच्या रूपाने वेगळी होते ती साखर कारखान्याच्या पॅन स्टेशनवर, म्हणजे निर्वातात उकळी घेणाऱ्या भांड्यांच्या विभागात. तिथे येईपर्यंत ऊस गाळला गेलेला असतो, चुना आणि गंधकाच्या प्रक्रियेने रस निवळलेला असतो आणि बाष्पीभवन संचातून बाहेर पडताना त्याचे सुमारे ६० ब्रिक्सचे, म्हणजे वजनाने ६० टक्के विद्राव्य घन असलेले, सिरप झालेले असते. या सिरपमध्ये जेवढी साखर आहे तिच्यात पुढे एका किलोचीही भर पडणार नसते. तिच्यातली किती पोत्यात जाईल आणि किती मळीबरोबर वाहून जाईल, दाणा कोणत्या आकाराचा होईल आणि त्याचा रंग कसा उतरेल, हे सगळे मात्र इथून पुढे ठरते. त्यामुळे कारखान्यात सुधारणेचा विचार सुरू झाला की गिरण्या आणि बॉयलरइतकेच लक्ष पॅन स्टेशनकडे जायला हवे. प्रत्यक्षात ते बहुधा सर्वात शेवटी जाते, कारण इथले नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

सिरपमध्ये साखरेखेरीज ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार, डिंकासारखे पदार्थ आणि रंगद्रव्ये असतात. एकूण विद्राव्य घनांपैकी साखर किती टक्के, या आकड्याला प्युरिटी म्हणतात. सिरपची प्युरिटी साधारण ८० ते ८५ असते. दाणा वाढतो तशी साखर द्रवातून दाण्यावर बसते आणि उरलेल्या द्रवाची, म्हणजे मदर लिकरची, प्युरिटी घसरत जाते. दाणे आणि मदर लिकर यांचे घट्ट मिश्रण म्हणजे मॅसेक्विट. एकाच उकळीत सगळी साखर काढता येत नाही. द्रव इतका चिकट होतो की दाण्यापर्यंत साखर पोचत नाही आणि मॅसेक्विट हलेनासे होते. म्हणून ए, बी आणि सी अशा तीन टप्प्यांत उकळी घेतात. ए मॅसेक्विट सेंट्रीफ्युगल मशीनमध्ये फिरवले की विक्रीची साखर आणि ए-हेवी मळी निघते. त्या मळीतून बी आणि बीच्या मळीतून सी मॅसेक्विट तयार होते. बी आणि सी साखर सीड म्हणून, म्हणजे पुढच्या दाण्याचे बीज म्हणून, किंवा विरघळवून मागे फिरवतात. सी मशीनमधून गळते ती अंतिम मळी. तिची प्युरिटी सामान्यतः तिशीच्या आसपास असते आणि त्यातली साखर स्फटिकरूपाने परत मिळवणे परवडत नाही.

या तिशीतला एकेक अंक किती मोलाचा आहे हे साध्या हिशेबाने कळते. रोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात उसाच्या ४.५ टक्के अंतिम मळी निघते असे धरू. ती २२५ टन होते आणि ९० ब्रिक्सच्या हिशेबाने तिच्यात सुमारे २०० टन घन पदार्थ असतात. प्युरिटी ३२ असेल तर त्यात ६४ टन साखर आणि १३६ टन बिगर-साखर असते. बिगर-साखरेचे प्रमाण उसाबरोबर ठरून येते, ते कमी होत नाही. आता प्युरिटी ३३ झाली तर तेवढ्याच बिगर-साखरेबरोबर ६७ टन साखर जाते. म्हणजे दिवसाला तीन टन आणि १२० दिवसांच्या हंगामात ३६० टन. यात कोणाच्या हातून काही सांडत नाही, कुठे गळती होत नाही. रोजच्या अहवालात एक आकडा एकाने वर सरकलेला असतो, एवढेच.

स्फटिकीकरण चालते ते अतिसंपृक्ततेच्या बळावर. ६० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २८८ ग्रॅम शुद्ध साखर विरघळते, ४० अंशांना सुमारे २३३ आणि २० अंशांना सुमारे २००. पाण्यात या मर्यादेहून अधिक साखर विरघळलेली असेल तर द्रव अतिसंपृक्त असतो. प्रत्यक्षातले साखरेचे प्रमाण आणि त्याच परिस्थितीतले संपृक्त प्रमाण यांचे गुणोत्तर म्हणजे अतिसंपृक्ततेचा अंक. तो १ च्या खाली गेला की दाणा विरघळू लागतो. १ ते साधारण १.२ या पट्ट्यात असलेला दाणा वाढतो, पण नवा निर्माण होत नाही. १.२ ते १.३ च्या दरम्यान आधीच्या दाण्यांच्या सान्निध्यात नवे दाणे उगवू लागतात. त्याच्याही पुढे द्रव आपोआप दाणा सोडतो. हे आकडे शुद्ध द्रावणाचे आहेत. प्युरिटी कमी होते तशा या सीमा सरकतात आणि वाढीचा वेग मंदावतो. पॅन स्टेशनवरच्या नियंत्रणाचे सारे तंत्र एका कामासाठी आहे : मदर लिकरला या अरुंद पट्ट्यात, वरच्या काठाच्या जवळ पण काठाच्या आत, उकळी सुरू झाल्यापासून पॅन खाली करेपर्यंत धरून ठेवणे. काठापासून फार खाली राहिले तर वेळ आणि वाफ फुकट जाते. काठ ओलांडला तर खोटा दाणा, म्हणजे नको असलेला नवा बारीक दाणा, उगवतो.

ही उकळी निर्वातात घेण्याची कल्पना इंग्रज रसायनज्ञ एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड याची. त्याने १८१३ च्या सुमारास व्हॅक्यूम पॅनचे पेटंट घेतले. त्याआधी उघड्या कढयांत जास्त तापमानावर साखर करपत असे, तिचा रंग चढत असे. पुढे १८४३ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानाच्या नॉर्बर्ट रिलियू याने बहुविध बाष्पीभवन संचाचे पेटंट घेतले आणि एकाच वाफेचा वारंवार उपयोग करण्याचा मार्ग खुला झाला. आजचा कारखाना या दोन शोधांवर उभा आहे. पॅन मात्र पुढेही दीर्घकाळ माणसाच्या बोटांवर चालला. घरी पाक एकतारी की दोनतारी हे जसे चिमटीत धरून पाहतात, तसाच पॅनमन प्रूफ स्टिकने नमुना काढून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तार ओढून पाहत असे आणि तिच्या लांबीवरून दाणा धरायची वेळ ठरवत असे. अनुभवी माणसाचा हा अंदाज आश्चर्य वाटावे इतका अचूक असतो. तो दुसऱ्या पाळीकडे जसाच्या तसा सोपवता येत नाही, ही मात्र त्याची मर्यादा आहे. १९३२ च्या संरक्षण कायद्यानंतर भारतात कारखाने झपाट्याने वाढले आणि १९३६ मध्ये कानपूरला साखर तंत्रज्ञानाची संस्था व पुण्याला डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन सुरू झाली. पुढे पुण्याजवळ मांजरी येथे सहकारी कारखान्यांची संस्था उभी राहिली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. हाताचे कसब मोजमापात आणण्याचे बरेचसे काम अशा संस्थांमधून झाले.

मोजमापाची सुरुवात निर्वातापासून करावी लागते, कारण पॅनमध्ये तापमान स्वतंत्र नसते. उकळत्या द्रवाचे तापमान आतला दाब ठरवतो. पॅनमधला निरपेक्ष दाब पाऱ्याच्या ११८ मिलिमीटर असेल तर पाणी ५५ अंशांना उकळते. घट्ट मॅसेक्विटचा उत्कलनबिंदू त्याहून सुमारे दहा अंशांनी चढलेला असतो, म्हणून ते ६५ अंशांच्या आसपास राहते. आता कंडेन्सरला थंड पाणी जास्त मिळाले, किंवा शेजारचा पॅन बंद झाला, आणि निर्वात एका इंचाने वाढला, तर पाण्याचा उत्कलनबिंदू पाचेक अंशांनी उतरतो. मॅसेक्विट ६५ वरून ६० कडे येते. ६५ अंशांना १०० ग्रॅम पाणी ३०५ ग्रॅम साखर धरून ठेवत होते, ६० ला ते २८८ च धरते. अतिसंपृक्तता १.१५ असेल तर ती बाष्पीभवन न होताही १.२२ वर जाते आणि पट्टा सुटतो. गेजवरचा काटा एक इंच हलला, यापलीकडे पॅनवर काहीही घडलेले नसते. अर्ध्या तासाने काचपट्टीवर घेतलेल्या नमुन्यात मोठ्या दाण्यांच्या मधल्या जागेत धुरळ्यासारखा बारीक दाणा दिसू लागतो तेव्हा त्या इंचाचा हिशेब लागतो.

इथेच एक स्थानिक बाब ध्यानात घ्यावी लागते. साधा व्हॅक्यूम गेज बाहेरच्या हवेच्या दाबाशी तुलना करून वाचन देतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे ३० इंच असतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे, तिथे तो सुमारे २८ इंच भरतो. पुस्तकात दिलेला २५ इंचांचा निर्वात कोल्हापूरच्या पॅनवर तसाच ठेवला तर मॅसेक्विट अपेक्षेपेक्षा बरेच थंड आणि घट्ट उकळेल. तिथे तेच तापमान २३ इंचांच्या थोडे वर मिळते. म्हणून नियंत्रणासाठी निरपेक्ष दाबाचा ट्रान्समीटर वापरणे आणि त्याच्या संकेतावर कंडेन्सरच्या पाण्याची झडप चालवणे ही पहिली सुधारणा समजली पाहिजे. तिचा खर्च कमी आणि परिणाम मोठा असतो. ती न करता त्यावर महागडी संगणकीय प्रणाली बसवणे म्हणजे हलत्या पायावर भिंत बांधणे होय.

दुसरी बाब दाण्यांच्या संख्येची. दाणा आपोआप उगवू देण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये साखर बॉल मिलवर तासन्‌तास घोटून सीड स्लरी तयार करतात. तिच्यातला कण पाच-दहा मायक्रॉनचा असतो. सिरप किंवा मळी अतिसंपृक्ततेच्या सुरक्षित पट्ट्यात आणून ही स्लरी पॅनमध्ये ओढून घेतात. यापुढे एकही नवा दाणा निर्माण होऊ नये आणि आत गेलेला एकही विरघळू नये, अशी अपेक्षा असते. दाण्याचे वजन त्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दहा मायक्रॉनचा कण ०.२ मिलिमीटरचा झाला की लांबी वीसपट आणि वजन आठ हजार पट होते. म्हणजे एक किलो सीडमधून तत्त्वतः आठ टन दाणा उभा राहतो. याच गणिताची दुसरी बाजू अशी की दाण्यांची संख्या चुकून दुप्पट झाली, तर तेवढ्याच साखरेत ०.९ मिलिमीटरचा दाणा ०.७ च्या आसपासच थांबतो. भारतीय प्रतवारीत एल, एम आणि एस ही अक्षरे दाण्याचा आकार सांगतात आणि पुढचा ३० किंवा ३१ हा अंक रंगाचा असतो. एम-३० चा व्यवहार ठरलेल्या कारखान्यात माल एस-३० चा निघतो, तेव्हा त्याचे मूळ अनेकदा काही तासांपूर्वीच्या ग्रेनिंगमध्ये, म्हणजे दाणा धरण्याच्या टप्प्यात, सापडते.

खोटा दाणा उगवला तर पॅनमन पाणी मारून तो विरघळवतो. बारीक दाणा आधी विरघळतो हे खरे, पण त्याच्याबरोबर मोठ्या दाण्याचीही थोडी झीज होते. ओतलेले सगळे पाणी पुन्हा वाफ खर्चून उडवावे लागते, पॅनचा वेळ वाढतो, जास्त वेळ गरम राहिल्याने रंग चढतो. आणि बारीक दाणा तसाच राहू दिला तर तो सेंट्रीफ्युगल मशीनमध्ये जाळीतून निसटून मळीची प्युरिटी वाढवतो, किंवा मोठ्या दाण्यांमधल्या फटी बुजवून मळी गळू देत नाही. मग मशीनवर जास्त पाणी मारावे लागते आणि धुतलेली साखर मळीत परत जाते. पॅनवर वापरलेल्या पाण्याची रोजची नोंद म्हणूनच नियंत्रणाच्या दर्जाचे सरळ माप ठरते. हे पाणी मीटरने मोजणारे कारखाने अजून कमीच आहेत, ही खेदाची गोष्ट आहे.

अतिसंपृक्तता थेट दाखवणारे एकच उपकरण नाही. ती तापमान, मदर लिकरची तीव्रता आणि प्युरिटी या तिन्हींतून काढावी लागते. सर्वात जुना आणि स्वस्त उपाय विद्युतवाहकतेचा. द्रव घट्ट होतो तशी आयनांची हालचाल मंदावते आणि वाहकता उतरते. क्षार भरपूर असलेल्या बी आणि सी मॅसेक्विटसाठी हे माप चांगले चालते, शुद्धतेच्या वरच्या टोकाला त्याची धार जाते. शिवाय उसातल्या क्षारांचे प्रमाण बदलले की जुना सेट पॉइंट फसवतो. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या क्षारपड जमिनीतला आणि माळरानावरचा ऊस एकाच दिवशी गाळला जात असेल, तिथे हे विशेष जाणवते. इन-लाइन रिफ्रॅक्टोमीटर प्रकाशाच्या वक्रीभवनावरून फक्त द्रवाची तीव्रता मोजतो, दाणे त्याला दिसत नाहीत. ग्रेनिंगच्या वेळी नेमके हेच हवे असते. मायक्रोवेव्हवर चालणारा ब्रिक्समापक दाण्यांसकट एकूण घन मोजतो. दोघांची वाचने एकत्र केली की मॅसेक्विटमध्ये दाणा किती टक्के भरला आहे तेही कळते. उकळीच्या अखेरीला मॅसेक्विट ढवळणाऱ्या मोटरचा विद्युतप्रवाह हा घट्टपणाचा भरवशाचा निर्देशक असतो आणि त्याला वेगळा खर्चही फारसा नसतो. पॅन ग्रेनिंगपासून घट्ट करण्यापर्यंत वेगवेगळ्या अवस्थांतून जातो, म्हणून एका अवस्थेसाठी निवडलेले माप दुसरीत निरुपयोगी ठरू शकते. चांगल्या प्रणालीत हे बदल आधीच आखलेले असतात : पातळी वाढेल तसा सेट पॉइंट सरकतो आणि सिरप किंवा मळीची झडप त्याच्या मागोमाग उघडते.

या सगळ्याचा पाया स्थैर्य हा आहे. पॅनला वाफ, म्हणजे व्हेपर, बहुधा बाष्पीभवन संचाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या बॉडीतून मिळते. गिरणी अडखळली की रस कमी येतो, रस कमी आला की व्हेपरचा दाब पडतो, तो पडला की पॅनची उकळी मंदावते. पॅनमनने त्या वेळी झडप पूर्ण उघडून ठेवली असेल, तर दाब परत येताच बाष्पीभवन उसळते आणि अतिसंपृक्तता उडी मारते. एकाच वेळी दोन-तीन पॅन सुरू केले तर उलट्या दिशेने तोच धक्का बाष्पीभवन संचाला बसतो. म्हणून पॅन कोणत्या क्रमाने आणि किती अंतराने भरायचे याचे वेळापत्रक हे यंत्रसामग्रीइतकेच महत्त्वाचे आहे. येणारे सिरप एकसारख्या ब्रिक्सचे असावे. आत येणारी मळी पातळ करून, तापवून, तिच्यातला उरलासुरला दाणा विरघळवून घ्यावी. सत्तर अंशांच्या आसपास तापवलेली मळी आणि थंड टाकीतून ओढलेली मळी यांचा पॅनवरचा परिणाम सारखा नसतो. थंड मळी जिथे पडते तिथे भोवतालचे मॅसेक्विट निवते आणि तेवढ्याच भागात नवा दाणा उगवतो.

काही बिघाड पॅनवर दुरुस्त होतच नाहीत. तोडलेला किंवा जळालेला ऊस उन्हात पडून राहिला तर ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू त्यातल्या साखरेपासून डेक्स्ट्रन तयार करतात. डेक्स्ट्रनमुळे रसाचा चिकटपणा वाढतो आणि दाणा एका अक्षाकडे लांबत सुईसारखा होतो. असा दाणा मशीनमध्ये नीट धुतला जात नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात, तोडणीची टोळी आणि वाहतूक यांचा मेळ चुकलेल्या दिवशी, पॅनच्या सेट पॉइंटमध्ये कितीही फेरफार केला तरी हा दोष जात नाही. शेतातून गव्हाणीपर्यंतचा वेळ कमी करणे हाच त्यावरचा उपाय आहे. स्फटिकीकरणाच्या नियंत्रणाची सीमा अशा रीतीने कारखान्याच्या फाटकाबाहेर जाते.

फ्रान्स, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात विकसित झालेले अखंड चालणारे पॅन आता भारतातही, विशेषतः बी आणि सी मॅसेक्विटसाठी, रुळले आहेत. त्यांत अनेक कप्पे असतात. सीड एका टोकाने आत जातो आणि मॅसेक्विट दुसऱ्या टोकाने सतत बाहेर पडते. वाफेची मागणी स्थिर राहते, कमी दाबाची व्हेपर वापरता येते, प्रत्येक कप्प्याचा ब्रिक्स एका जागी धरता येतो. सुटे पॅन चालवताना जी अस्थिरता कारखाना स्वतःच निर्माण करतो ती इथे उरत नाही. पण आत जाणारा सीड विषम असेल तर बाहेरही विषमच दाणा येतो, आणि भिंतींवर साखर धरली की ठरावीक काळाने पॅन उकळत्या पाण्याने साफ करावा लागतो.

सी मॅसेक्विटचे काम पॅनमध्ये संपत नाही. ते सत्तरीच्या आसपासच्या तापमानाला क्रिस्टलायझरमध्ये उतरते आणि तिथे हळूहळू चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत निववतात. निवताना उरलेली साखर जुन्याच दाण्यावर बसावी यासाठी थंडावा एकसारखा आणि संथ हवा. घाई केली तर तेवढ्यात नवा दाणा उगवतो, आणि सी मशीनच्या जाळीच्या फटी मिलिमीटरच्या शतांशांत मोजण्याइतक्या अरुंद असल्या तरी तो त्यांतून निसटतो. घट्ट झालेले मॅसेक्विट मशीनवर घेण्याआधी पुन्हा पन्नास अंशांच्या थोडे वर तापवतात. मळी पातळ व्हावी, पण दाणा विरघळू नये, एवढेच अंश द्यायचे. क्रिस्टलायझरनंतरच्या आणि मशीननंतरच्या मळीच्या प्युरिटीतला फरक रोज तपासला, तर विरघळलेला किंवा निसटलेला दाणा लगेच उघडकीस येतो.

२०१८ पासून बी-हेवी मळी (बी मॅसेक्विटमधून निघणारी) आणि सिरप यांपासून इथेनॉल तयार करण्याला शासनाने उत्तेजन दिले. डिसेंबर २०२३ मध्ये त्यावर निर्बंध आले, २०२४ मध्ये ते पुन्हा उठले. महाराष्ट्रातल्या दोनशेच्या आसपास कारखान्यांपैकी ज्यांची डिस्टिलरी आहे त्यांच्या पॅन स्टेशनला यामुळे हंगामागणिक उद्दिष्ट बदलावे लागले आहे. बी-हेवी मळी बाहेर काढायची असेल तर सी उकळी बंद राहते. सी साखरेचा सीड मिळत नाही, त्यामुळे ग्रेनिंगची व्यवस्था वेगळी लावावी लागते. शेवटचा थेंब निपटण्याची धडपड मागे पडते आणि ए साखरेचा रंग व एकसारखा दाणा यांना अधिक महत्त्व येते. धोरण उलटले की सहा-आठ महिने बंद असलेले क्रिस्टलायझर आणि सी मशीन परत चालू करावे लागतात, त्यांचे सेट पॉइंट नव्याने बसवावे लागतात.

आणि हे सेट पॉइंट बसवणारा माणूस पॅनमनच असतो. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर साखरेचा थर धरला तर वाचन हळूहळू खोटे होत जाते. पडद्यावरचा आलेख सरळ असतो आणि पॅनमधले मॅसेक्विट वेगळेच असते. ही विसंगती प्रथम त्याला जाणवते, कारण तो काचपट्टी दिव्यासमोर धरून दाणा पाहत असतो. काचेची धुलाई, प्रयोगशाळेतल्या ब्रिक्सशी वाचनाचा दररोजचा ताळा, प्रत्येक उकळीची वेळ, स्लरीचे माप, मारलेले पाणी आणि उतरवतानाची प्युरिटी या नोंदी त्याच्या हाताखाली आणि त्याला समजतील अशा मराठीत ठेवल्या, तर पुढच्या हंगामातले सेट पॉइंट मागच्या हंगामातल्या आकड्यांवरून ठरवता येतात.